वीणा खाली आली की मंडप खाली

साल दोन हजार चोवीस, थंडीचे दिवस. आधार कार्डावर माझं वय बहात्तर, पण आई सांगायची की निजामावर पोलीस ॲक्शन झाल्यावरच्या पेरणीला तू जन्मलास, म्हणजे पंच्याहत्तर धरा. मी आईचं खरं मानतो, कारण त्या वेळी ती तिथं हजर होती, आधारवाला नव्हता. शाळा दुसरीपर्यंत. मास्तरानं माझा कान धरला, मी मास्तराचा हात धरला, तिथं शिक्षण संपलं. अक्षरं पुढं भजनात बसून बसून ओळखीची झाली. हा अनुभव लिहून काढा असं नातीनं म्हणलं म्हणून लिहून राह्यलो. ऱ्हस्व दीर्घ तिनं बघितलंय. बाकी एक शब्द मी तिला बदलू दिला न्हाई.

देव आहे का न्हाई, अशी शंका मला कधी आली न्हाई. माझी शंका दुसरीच होती. देवाला आमचं गाव कुठं आहे हे माहीत आहे का? कारण घनसावंगी तालुक्यातल्या आमच्या गावाला नवा मोठा रस्ता आला अन् त्यानं गावाचे बराबर दोन तुकडे केले. घरं, देऊळ, मशीद या अंगाला राह्यली. निम्मी रानं, आमचं शमशान अन् मुसलमानांचं कबरस्तान त्या अंगाला गेलं. मधी दोन पुरुष उंच मातीचा भराव. खालून जायला बोगदा ठेवा, असं आम्ही पहिल्या दिवसापासून म्हणत होतो. साहेब लोक म्हणायचे, नकाशात न्हाई. आता नकाशात आमचं मरण न्हाई म्हणून आम्ही मरायचं थांबणार होतो का?

पहिला गेला तो चाँदभाईचा थोरला भाऊ. त्याचा जनाजा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून फाट्यापर्यंत न्यावा लागला, तिथून पुलाखालून वळून परत माघारी. समोर दिसणारं कबरस्तान, अन् तिथं पोचायला भर उन्हात जत्रेला जाण्याइतका वळसा. मी त्या जनाज्याला गेल्तो, खांदाही दिला. हे मुद्दाम सांगतो, कारण चाँदभाईचं अन् माझं बोलणं बंद होतं. पण खांद्याला तोंड नसतं, त्यामुळं खांदा द्यायला अडचण आली न्हाई. त्या दिवशी एक साहेब म्हणाला, तुम्ही लोक शमशान अन् कबरस्तान इकडच्या बाजूला का घेत न्हाई? चाँदभाई म्हणाला, "साहब, आमचे म्हातारे आधीच तिकडं जाऊन झोपलेत. त्यांना तुम्ही उठवा, मंग आम्ही जागा बघतो." उत्तर चांगलं होतं. मला आवडलं, पण बोलणं बंद असल्यानं मी तसं दाखवलं न्हाई.

बोलणं कशावरून बंद झालं तेही सांगून टाकतो. चाँदभाई जातीचा पिंजारी. कापूस पिंजून गाद्या भरायचा. माझ्या थोरलीच्या लग्नात मी त्याच्याकडं दोन गाद्या भरायला दिल्या, कापूस माझ्या स्वतःच्या रानातला. एक गादी पोरीबरोबर गेली, दुसरी घरी राह्यली, अन् त्या घरच्या गादीत मला गोळे लागले. मी चारचौघांत म्हणालो, गादीत गोळे आहेत. तो चारचौघांत म्हणाला, गोळे कापसात न्हाईत, पाटलाच्या डोक्यात हाईत. झालं. त्याला किती वर्षं झाली मी मोजली न्हाईत, पण थोरलीची पोरगी आता कॉलेजात जाते, तीच ही नात. ती गादी मी माळ्यावर टाकली अन् तेव्हापासून घोंगडीवर झोपतो. आमची मंडळी म्हणायची, "हट्टावर झोपण्यापेक्षा गादीवर झोपा, हट्टात जास्त गोळे आहेत." बायकांना तत्त्व समजत न्हाई.

तर जनाज्यानंतर गावानं ठरवलं, भरावात जिथं मातीचं काम अर्धवट होतं, नेमकं तिथंच मंडप घालून बसायचं. बोगदा द्या, मंगच माती टाका. सगळ्याची मांडामांड माझ्या पुतण्यानं केली. त्याचं नाव भगवान. ट्रॅक्टर दुरुस्त करतो, दिवसभर काळ्या तेलात असतो, पण डोकं चालतं. नाव नीट ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

मंडपात सगळं गाव आलं. खाली अंथरायला जाजम मशिदीतून आलं, स्वयंपाकाला उरुसाच्या डेगी आल्या. मी म्हणालो, त्या डेगीत काय काय शिजलेलं असतं. आमची मंडळी म्हणाली, "राखेनं घासून, पाणी उकळून घेतल्यात. तुमच्या तोंडापेक्षा चोख आहेत." मंग मी खिचडी खाल्ली, दोनदा घेतली. भोंगा एकच होता. अजानची वेळ झाली की आमचं भजन माईक बाजूला ठेवून चालायचं, अन् हरिपाठाची वेळ झाली की मौलवीसाहेब स्वतः माईकची वायर बघून जायचे, कारण ती सारखी निघायची अन् ती बसवायचा हात फक्त त्यांना होता.

मंडपाच्या मधोमध एक लाकडी खांब होता. त्याच्या एका अंगाला मी बसायचो, दुसऱ्या अंगाला चाँदभाई. बोलणं बंद असल्यामुळं आम्ही दोघं खांबाशी बोलायचो. मी म्हणायचो, "खांबा, याला सांग, तंबाखू खाऊन जाजमावर थुंकू नको, जाजम मशिदीचं आहे." पलीकडून तो म्हणायचा, "खांबा, पाटलाला सांग, मशीद माझी, जाजम माझं, अन् मी थुंकलो न्हाई, ते चहाचं सांडलंय, अन् सांडलंय त्यानंच." लोक हसायचे. खांब बिचारा दोन्हीकडचं ऐकून सरळ उभा राह्यचा. असा मध्यस्थ गावात दुसरा न्हाई.

पुढं एक दिवस पोलिसांचे मोठे साहेब आले. माणूस भला, कपाळाला गंध. म्हणाले, मंडपाची परवानगी संपली, उद्या उठवावा लागेल, मला वरून दाबतायत. तेव्हा भगवान म्हणाला, "साहेब, उद्यापासून आमचा अखंड हरिनाम सप्ताह बसतो. दर वर्षी देवळापुढं बसतो, औंदा इथं बसवून राह्यलो." साहेबांनी कपाळाच्या गंधाला हात लावला. म्हणाले, "सप्ताह चालू आहे तोवर मी हात लावणार नाही. माझ्या वडिलांनी जन्मभर वीणा घेतली. पण ऐका, वीणा खाली आली की मंडप खाली. मग मला बोल लावू नका."

ज्यांना सप्ताहाची रीत माहीत न्हाई त्यांच्यासाठी सांगतो. सप्ताह बसला की वीणा कुणाच्या तरी गळ्यात पाहिजे. सात दिवस, रात्रंदिवस. ती जमिनीला लागायची न्हाई, खुंटीला टांगायची न्हाई. एकाचा पहारा संपला की दुसरा येतो, दोघं एकमेकांच्या पाया पडतात, अन् वीणा या गळ्यातून त्या गळ्यात जाते. पहाऱ्यावरच्या विणेकऱ्यानं उभं राहून नाव घ्यायचं, इकडचं तिकडचं बोलायचं न्हाई. आमच्या बापाच्या काळापासून गावचा सप्ताह मोडला न्हाई. दुपारचा पहारा कायम माझा. अन् इकडं मुसलमान मंडळींनी ठरवलं की सप्ताह चालू असताना मंडपाची राखण आम्ही करू, तुम्ही देवाचं बघा. तेही काठी घेऊन पाळीपाळीनं यायचे. त्या राखणीलाही गावात पहाराच म्हणायला लागले. एका मंडपात दोन पहारे, एक काठीचा, एक वीणेचा. कुणाला त्यात घोटाळा वाटला न्हाई, कारण टोपी बघितली की कळायचं कोण कुठल्या पहाऱ्याला आलाय.

सप्ताहाच्या चौथ्या दिवशी घनसावंगीला तहसीलवर मोर्चा न्यायचं ठरलं. बायामाणसं, पोरंसोरं सगळी ट्रॅक्टरमध्ये चढली. भगवान मला म्हणाला, "काका, तुमच्याजवळ दोन माणसं ठेवू का?" मी म्हणालो, "कशाला? एक वीणा, एक मी. बिलकुल चिंता करू नको. जा सगळे." माझ्यानंतरचा पहारा दामूअण्णाचा होता. दामूअण्णा माझ्याच वयाचा, ट्रॅक्टर दिसला की त्याला बसावंच वाटतं. तो म्हणाला, निवेदन दिलं की जल्दी येतो. मी म्हणालो, ये सावकाश. या माझ्या 'सावकाश'नं पुढं माझा घात केला.

ट्रॅक्टर निघायच्या आधी रजियाभाभी, म्हणजे चाँदभाईची बायको, ताकाचा हंडा घेऊन आली. तिचं अन् माझं बोलणं कधीच बंद नव्हतं, भांडण गादीचं होतं, तिचं न्हाई. ती म्हणाली, "भाऊ, दुपारभर उभं राह्यचंय, पिऊन घ्या." मी एक पेला घेतला. ताकात जिरं, कोथिंबीर, मीठ बराबर. ती म्हणाली आणखी घ्या, मी घेतला. मंग चाँदभाई ट्रॅक्टरजवळून ओरडला, "त्याला जास्त देऊ नको, म्हाताऱ्याला झेपत न्हाई." आता असं म्हणल्यावर काय करणार? मी तिसरा पेला घेतला, चौथाही घेतला, त्याच्याकडं बघत बघत घेतला. मंग आधीच्या विणेकऱ्याकडून वीणा गळ्यात घेतली अन् उभा राह्यलो. ट्रॅक्टर गेले. मंडपात मी, वीणा, विठ्ठल-रखुमाईचा फोटो अन् एक कुत्रं. त्या घाईत काठीच्या पहाऱ्याला कोण थांबलंय हे कुणी बघितलं न्हाई, अन् तिथं कुणीच थांबलं नव्हतं.

पहिला निम्मा पहारा फार चांगला गेला. थंडीतलं ऊन मऊ होतं, तार लागलेली होती, गळा मोकळा होता. मला वाटलं, असा विणेकरी पंचक्रोशीत न्हाई. माणसाच्या मनात असं आलं की देवाला ते ऐकू जातं, अन् तो लगेच कामाला लागतो. थंडीचे दिवस, पंच्याहत्तरचं शरीर अन् चार पेले ताक. मला लघवीला लागली.

यात हसण्यासारखं काही न्हाई. तरुणांना वाटतं, लागली तर लागली. म्हाताऱ्या माणसाची लागते ती सांगून येत न्हाई अन् आल्यावर थांबत न्हाई. मी पाय बदलले. नाव घ्यायची गती वाढवली. रस्त्याकडं बघितलं, दामूअण्णाचा पत्ता न्हाई. वीणा ठेवून पळत जाऊन यावं म्हणलं तर खाली ठेवायची न्हाई. गळ्यात घेऊन मंडपाशेजारच्या तुरीत जावं तर ते पाप, विचारच केला न्हाई. एकदा तर मी खांबाकडं बघितलं. म्हणलं, हा इतके दिवस आमचं सगळं ऐकतो, याच्या गळ्यात घालावी का? पण खांबाला गळा न्हाई, अन् रीतही न्हाई. फोटोतला देव कमरेवर हात ठेवून उभा होता. मला त्या दिवशी त्याचा राग आला. म्हणलं, तुला काय, तू युगानुयुगं उभा आहेस, तुला ताक कुणी दिलं न्हाई.

मंग राग गेला अन् भीती वाटायला लागली. वीणा खाली आली की मंडप खाली. हे आता कुणी सांगितलेलं वाक्य राह्यलं न्हाई, माझ्या ओटीपोटात येऊन बसलं. मी वीणा ठेवली तर बापाच्या काळचा सप्ताह मोडणार, मंडप उठणार, माती पडणार, अन् उद्या मी मेलो की मला ट्रॉलीत घालून फाट्यापर्यंत हेलकावे देत नेणार. मला ट्रॉलीत बसवत न्हाई, निजून तर बिलकुल जाणार न्हाई, वाटेत उठून बसेन. न ठेवावी तर विठ्ठलासमोर, मशिदीच्या जाजमावर माझी जी शोभा होणार ती दोन्ही धर्मांत कुठं बसत न्हाई. तेव्हा मी जन्मात पहिल्यांदा देवाला म्हणालो, मला जमत न्हाई. आजवर मी त्याला पाऊस पाड, पोरीचं जमव, असं पुष्कळ सांगितलं, पण ते हुकूम दिल्यासारखं. मला जमत न्हाई, असं कधी म्हणलो न्हाई. त्या दिवशी म्हणालो. डोळे मिटले अन् म्हणालो, आता तूच कुणाला तरी पाठव. कुणालाही पाठव.

डोळे उघडले तर मंडपाच्या तोंडाशी काठी टेकत चाँदभाई उभा.

मी म्हणलं, कुणालाही म्हणालो खरा, पण याचा अर्थ असा होत न्हाई. विणेकऱ्यानं बोलायचं नसतं, म्हणून मी भजनाच्या चालीवरच म्हणालो, "रामकृष्णहरी, खांबा, याला विचार, मोर्चा सोडून हा कशाला आलाय, रामकृष्णहरी."

चाँदभाई म्हणाला, "खांबा, त्याला सांग, मेरेकू भगवानने भेजा. पहाऱ्याला."

ऐकलं अन् माझं नाव घेणं मधीच तुटलं. तार तशीच वाजत राह्यली, पण मी कुठं आहे ते मला क्षणभर कळलं न्हाई. भगवान माझा पुतण्या आहे, ट्रॅक्टरवाला आहे, हे मला माहीत न्हाई का? लहानपणी मीच त्याला आंघोळ घातलीय. पण त्या घडीला ते वाक्य माझ्या कानात पुतण्याच्या वाटेनं आलं न्हाई. भगवाननं पाठवलं. पहाऱ्याला. मी मागितलं होतं तेच, त्याच शब्दांत. फक्त माणूस मला विचारून निवडला नव्हता.

मी चालीवरच म्हणालो, "रामकृष्णहरी, खांबा, याला सांग, वीणा घे म्हणावं, मला अडचण आहे."

"कसली अडचण?"

"ताकाची."

चाँदभाईला समजलं. तो हसला न्हाई, हे मी त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. हसला असता तर मी तिथंच मेलो असतो. पण तोही हट्टी. काठी खांबाला टेकवली, चपला बाहेर काढल्या, हात धुतले, सगळं सावकाश, अन् समोर येऊन उभा राह्यला. मी वीणा पुढं केली तर घेईना. म्हणाला, "पहिले पाया पडायची रीत हाय. मी लहानपणापासून बघून राह्यलो."

मी म्हणालो, "घेणारा पहिले पडतो."

"देणारा पहिले."

"चाँद्या, जल्दी घे."

"पाटला, रीत मोडू नको. तुमचा सप्ताह आहे, मी काय सांगायचं."

किती वर्षांनी आम्ही सरळ बोलत होतो, मधी खांब न्हाई, हे दोघांच्याही ध्यानात आलं न्हाई. ज्यांना माझ्यासारखी अडचण कधी आली असेल त्यांना माहीत आहे की अशा वेळी वाकणं म्हणजे काय. मी तरी वाकलो. एका हातानं वीणा छातीशी धरली, अन् जीव मुठीत धरून वाकलो. खाली त्याचे पाय दिसले. टाचांना भेगा, अन् त्या भेगांत कापसाचे बारीक तंतू अडकलेले. धंदा कधीचा बसला, लोक आता दुकानातली स्पंजाची गादी आणतात, अन् याच्या टाचांत अजून कापूस. मी हात लावला तोवर माझ्या पायाला त्याचा हात लागला होता. तोही वाकलेला होता. कोण आधी वाकलं, यावर आमचं अजून एकमत न्हाई.

वीणा त्याच्या गळ्यात गेली अन् मी तुरीकडं निघालो. पळालो म्हणणार न्हाई, पण चाललोही न्हाई.

तूर डोक्याइतकी होती. मी आत शिरलो, मोकळा झालो, अन् त्या क्षणी जे सुख झालं त्याला देवाचं नाव दिलं तर देवाला कमीपणा येणार न्हाई असं मला वाटतं. एवढ्यात मंडपाकडं गाडीचा आवाज आला. शेंगांमधून बघतो तर पोलिसांची जीप, तिच्यात तेच गंधवाले साहेब, मागं ठेकेदाराचा माणूस, अन् त्याच्या मागं माती ओढायचं ते पिवळं मशीन. गाव मोर्चाला गेलंय हे त्यांना कळलं होतं. मला धावत जायचं होतं, पण मी अजून धावण्याच्या स्थितीत नव्हतो, म्हाताऱ्यांचं येतं लवकर अन् संपतं उशिरा. धोतर सावरत तिथूनच बघत राह्यलो.

मंडपात चाँदभाई डोळे मिटून उभा. डोक्याला जाळीची टोपी, गळ्यात वीणा. जन्मभर पिंजायची कमान चालवलेला हात, तो तारेवर तसाच पडत होता. धन धन धनक, धन धन धनक. आमच्या सप्ताहात वीणा अशी कधी वाजली न्हाई, पण आवाज खणखणीत होता, पार तुरीत ऐकू येत होता. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "साहेब, हा तर मुसलमान आहे. कसला सप्ताह, सगळं नाटक आहे. मशीन घेऊ का पुढं?"

साहेबांनी विचारलं, "कोण हो तुम्ही?"

चाँदभाईनं डोळेही उघडले न्हाईत. पहाऱ्यावर बोलायचं नसतं. मी तुरीत उभा राहून मनात म्हणालो, शाबास चाँद्या.

साहेबांनी डोक्यावरची टोपी काढली. मंग त्यांनी खाली बसून बुटाच्या नाड्या सोडल्या. आत आले, चाँदभाईच्या पायाला हात लावला, वीणेला लावला, फोटोसमोर वाकले. बाहेर येऊन ठेकेदाराच्या माणसाला म्हणाले, "वीणा कुणाच्या गळ्यात आहे ते बघायला मी आलो नाही. खाली आहे का वर आहे, एवढंच बघायला आलो. वर आहे. चला." मशीन मागं वळायला जास्त वेळ लागला, पुढं यायला एवढा लागला नव्हता.

मी परत आलो, हातपाय धुतले अन् म्हणालो, "आण इकडं." तर तो देईना. मान हलवून न्हाई म्हणाला. घेतलेला पहारा पुरा करायचा असतो, हे त्यालाही माहीत होतं. मंग मी टाळ घेतला अन् त्याच्या मागं उभा राह्यलो. त्याच्या ठेक्यावर नाव घेणं सोपं न्हाई, दम लागतो. पण दामूअण्णा येईपर्यंत घेतलं. दामूअण्णाचा ट्रॅक्टर वाटूरकडून येणाऱ्या उसाच्या गाड्यांमागं अडकल्ता. तो आला, चाँदभाईच्या गळ्यात वीणा बघितली, माझ्याकडं बघितलं, काही विचारलं न्हाई, पाया पडून वीणा घेतली. शहाणा माणूस आहे, फक्त ट्रॅक्टरचा नाद वाईट.

चाँदभाई खांबाच्या त्याच्या अंगाला जाऊन बसल्यावर मी त्याला विचारलं, "तार वाजवत होता तेव्हा तोंडानं नाव कुणाचं घेत होता?"

"ज्याचं घ्यायचं त्याचं," तो म्हणाला. "तू तुरीत कुणाचं घेत होतास?"

मी टाळाची दोरी गुंडाळायला लागलो.

दिवस मावळता मोर्चा परत आला. भगवाननं सांगितलं, तहसीलदारांनी निवेदन घेतलं, बोगद्याच्या मोजणीला माणसं पाठवतो म्हणाले. मी त्याला म्हणालो, "पोरा, चाँदभाईला वेळेवर पाठवलंस, नायतर आज गेलं होतं सगळं." भगवान माझ्या तोंडाकडं बघायला लागला. म्हणाला, "काका, मी आज कुठं पाठवलं? चाँदचाचाला मी उद्याचा पहारा सांगितल्ता. आज ते मोर्चात पाहिजे होते, मी तिथं त्यांना हुडकून राह्यलो." चाँदभाई म्हणाला, "तूच म्हणाला, आज दुपार. ट्रॅक्टर फाट्यावर पोचल्यावर मला याद आली, तसा उतरून चालत माघारी आलो." भगवान म्हणाला, उद्या. चाँदभाई म्हणाला, आज. दोघं आपापल्या ठिकाणी पक्के. दोघांतलं कुणी खोटं बोलणारं न्हाई.

मी त्यात पडलो न्हाई. जन्मभर प्रत्येक गोष्टीत कोण बराबर अन् कोण चूक हे सांगत आलो, त्या दिवशी सांगावंसं वाटलं न्हाई. म्हाताऱ्या माणसाच्या कानाची चूक असेल. पण ती चूक एक दिवस आधीची का झाली, एक दिवस नंतरची का न्हाई, ते मला माहीत न्हाई अन् मी विचारणारही न्हाई. पुढं बोगदा झाला. उद्घाटनाला फीत कापायला मोठी माणसं आली, पण आधी त्यातून आमची शेळी गेली. बोगद्यासाठी माझ्यापेक्षा बायांनी जास्त सोसलं, ते त्यांनी लिहावं. माझ्या वाट्याला एवढंच आलं की शरण जाणं म्हणजे काय ते मला कळलं. मी समजायचो, शरण जाणं म्हणजे देवापुढं वाकणं. ते सोपं आहे. देव कधी म्हणत न्हाई की तुझ्या डोक्यात गोळे आहेत. तो ज्याला पाठवतो त्याच्यापुढं वाकायला लागतं, अन् देव माणूस निवडताना आपल्याला विचारत न्हाई. विचारलं असतं तर मी दामूअण्णा सांगितला असता, अन् दामूअण्णा उसाच्या गाड्यांमागं होता.

त्या रात्री घोंगडीवर पाठ लागेना. आमची मंडळी म्हणाली, काय झालं? मी म्हणालो, गोळे लागतात. ती म्हणाली, घोंगडीत? मी म्हणालो, झोप.

दुसऱ्या दिवशी सकाळी उजाडताच मी माळ्यावर चढलो, गादी खाली ओढली, झटकली, गुंडाळली, डोक्यावर घेतली अन् भर गल्लीतून चाँदभाईच्या घराकडं निघालो. लोक ओट्यावर येऊन बघत होते, बघू दिलं. तो दात घासत बसल्ता. गादी त्याच्यापुढं टाकली. म्हणालो, "गोळे आहेत."

तो चूळ भरून म्हणाला, "कशात?"

मी म्हणालो, "पिंजून बघ. कापसात निघाले तर कापसात. न्हाई निघाले तर मंग बघू."

रजियाभाभी आतून म्हणाली, "भाऊ, ताक देऊ का?" मी म्हणालो, नको. चाँदभाईनं भिंतीवरची कमान काढली, धूळ पुसली, गादीचा टाका उसवला, कापूस ओट्यावर पसरला अन् तारेवर पहिला ठोका मारला. धन धन धनक. माझ्या तोंडून आपोआप रामकृष्णहरी निघालं, अन् मी तिथंच, त्याच्या ओट्यासमोर, हात जोडून उभा राह्यलो.